संधाता : भिलाईतील जोडकामाची हकीकत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा विचार फार करावा लागला नाही. मंडळाचा गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा, हळदीकुंकवाचे समारंभ यांविषयी अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी पुष्कळ आहेत. पण ज्यामुळे आपणांपैकी कित्येक घरे या गावी आली आणि इथलीच होऊन राहिली, त्या कारखान्यातील एका विद्येविषयी आपल्या मंडळात आजवर कोणी चार ओळीही लिहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. ती विद्या म्हणजे लोखंडास लोखंड जोडण्याची.

महाराष्ट्रातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत व्यवसायांना शुद्ध मराठी नावे आहेत. फिटर तो जोडारी, टर्नर तो कातारी, इलेक्ट्रिशियन तो वीजतंत्री आणि वेल्डर तो संधाता. भिलाईत मात्र हा शब्द कोणाच्या तोंडी कधी रुळला नाही. इथे वेल्डर तो वेल्डरच. तरीही लेखाच्या मथळ्यासाठी आम्ही तो निवडला, कारण संधान बांधणे, सांधणे, सांधा या साऱ्या शब्दांचे कूळ त्यात आहे, आणि परमुलखात येऊन राहिलेल्या माणसाला ते कूळ जवळचे वाटते.

परमुलूख म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला, आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्गच्या माणसाला सरकारदरबारचे काम निघाले की नागपूरच गाठावे लागे. नागपूर ते दुर्ग हे अंतर रेल्वेने अडीचशे किलोमीटरांहून थोडेच अधिक. तेव्हा विदर्भातून इकडे आलेला मुलगा खरे तर जुन्याच घराच्या मागच्या अंगणात आला होता. अंगण एव्हाना दुसऱ्याच्या नावावर झाले होते, एवढेच.

या अंगणात लोखंड आहे, ही गोष्टही नागपुरातच उमगली. विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड हे चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे खनिजाच्या शोधात फिरत होते. तिथे मनाजोगते जमेना. पुढे नागपुरात भूगर्भ खात्याच्या एका नकाशावर दोराबजींना या बाजूचा प्रदेश लोखंडाच्या खुणेच्या रंगाने भरलेला दिसला, आणि ती दोघे दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर येऊन पोचली. पायाखालचा खडक धातूसारखा वाजत होता, अशी त्या चढाईची आठवण सांगतात. टाटांचा कारखाना अखेर पूर्वेकडे, आजच्या जमशेदपुरास गेला आणि राजहऱ्याचा डोंगर आणखी पन्नास वर्षे तसाच पडून राहिला. ज्या गावाने पुढे हजारो वेल्डर घडविले, त्याचे लोखंड धुंडाळण्यास वेल्ड याच आडनावाचा गृहस्थ यावा, या योगायोगाची आम्हांस नेहमी गंमत वाटत आली आहे.

जोडकाम आपल्या गावगाड्याला नवीन नव्हते. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविताना लोहार लोखंडी पट्टीची दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईतो तापवी, त्यांवर टाकणखार किंवा वाळू टाकी आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करी. वाळू कशासाठी, असे त्याला विचारले तर ‘मळ निघतो’ एवढेच उत्तर मिळे. पुस्तकी भाषेत सांगायचे तर तापलेल्या लोखंडावर हवेमुळे जो गंज धरतो, तो वाळूशी मिळून काचेसारखा पातळ होऊन वाहून जातो आणि निखळ धातू निखळ धातूस भिडतो. आजच्या वेल्डिंगच्या रॉडवरील लेपही याहून फार वेगळे काही करीत नाही. वितळत्या धातूवर आच्छादन धरायचे, हवेस दूर ठेवायचे आणि मळ वर आणायचा. संस्थेत आम्हांस हे शिकविले गेले तेव्हा आमच्यातील एका लोहाराच्या मुलाने मागच्या बाकावरून हळूच म्हटले, “हे तर आमच्या आजोबाला ठाऊक होतं.” मास्तरांनी ते ऐकले. रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी त्याला पुढे बोलावून सगळ्या वर्गाला धाव कशी चढवितात ते सांगावयास लावले.

भिलाईचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. राउरकेल्यास जर्मन, दुर्गापुरास इंग्रज आणि भिलाईस रशियन, अशी त्या तीन दहा-दहा लाख टनी कारखान्यांची वाटणी. चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत बाजूचे मुख्य अभियंते दिमशित्स हे नाव त्या काळी भिलाईत लहान पोरांनाही ठाऊक होते. हा सारा इतिहास अन्यत्र विस्ताराने आला आहे. आमच्या विषयाशी संबंध आहे तो एका गोष्टीचा, आणि तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. रशियन लोकांनी आपल्याबरोबर भट्टीचे आराखडे आणले, तशी जोडकामाची एक संपूर्ण परंपरा आणली.

१९४३ साली खुला झालेला कलकत्त्याचा हावडा पूल आठवून पाहावा. तो उभा आहे रिव्हेटांवर. लाल तापलेली रिव्हेट चिमट्याने फेकायची, दुसऱ्याने झेलायची, तिसऱ्याने ठोकायची, असे ते काम. नेमक्या दहा वर्षांनी, १९५३ साली, कीव्ह शहरात नीपर नदीवर दीड किलोमीटरांहून लांब पूल खुला झाला आणि तो होता संपूर्ण वेल्डिंगचा. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते येवगेनी पातोन मूळचे पूल बांधणारे. उतारवयाकडे झुकल्यावर ते वेल्डिंगकडे वळले, १९३४ साली कीव्हमध्ये त्यांनी विद्युत-जोडकामाची संस्था काढली, आणि महायुद्धात उरल पर्वताकडे हलविलेल्या त्यांच्या माणसांनी रणगाड्यांची कवचे यंत्राने जोडून दिली. त्याही मागे गेले तर विजेच्या ज्योतीने धातू जोडण्याचा आरंभ ज्या बेनार्दोस आणि स्लाव्यानोव यांनी १८८०च्या दशकात केला, तेही त्याच साम्राज्यातले. बेनार्दोसने कोळशाची कांडी वापरली. स्लाव्यानोवने धातूचीच कांडी घेतली, म्हणजे ज्योतही तीच आणि भरावही तोच. ज्या रशियन फोरमनच्या हाताखाली आमच्या आधीची पिढी शिकली, त्याच्या मागे ही अशी सत्तर वर्षे उभी होती. आणि त्याच्या समोर उभी होती ती बालोदची, राजनांदगावची, भंडाऱ्याची, गोंदियाची मुले, ज्यांतील पुष्कळांनी विजेचा दिवासुद्धा भिलाईच्या स्टेशनात उतरल्यावरच जवळून पाहिला होता.

या दोहोंचा सांधा जुळविण्यासाठी भिलाई टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. कारखाना उभा राहत असतानाच, पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तिचे काम सुरू झाले. सगळे तिला बी.टी.आय. म्हणत. पुढे ती मनुष्यबळ विकास विभागात गेली, पण जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप बी.टी.आय.च आहे. देशपातळीवर कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली आली होती, तिची राष्ट्रीय परिषद १९५६ साली झाली आणि शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली. म्हणजे भिलाईची भट्टी आणि कारागिराचे सरकारी प्रमाणपत्र ही जवळजवळ एकाच वयाची भावंडे होत. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. आठवी उत्तीर्ण मुलास त्यात प्रवेश असे. एक वर्षाचा म्हणून इतर व्यवसायांची मुले त्यास जरा हिणवीत. जोडाऱ्याला दोन वर्षे लागतात, याला एकच, तेव्हा विद्याही अर्धीच, असा त्यांचा हिशेब.

त्या एका वर्षात काय चाले, हे लिहून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आरंभी गॅस. काळे नळकांडे ऑक्सिजनचे, किरमिजी ॲसिटिलिनचे. ॲसिटिलिनच्या जोडाचे आटे डावे, म्हणजे अंधारातही चुकून एकाची नळी दुसऱ्यास लागू नये. तेलकट हाताने ऑक्सिजनच्या झडपेस शिवायचे नाही, हा पहिला धडा आणि तो विसरणाऱ्यास दिवसभर वर्गाबाहेर बसविण्याची शिक्षा. ज्योत तीन प्रकारची : ॲसिटिलिन अधिक झाली की पिसाऱ्यासारखी, ऑक्सिजन अधिक झाला की आखूड आणि फुसफुसणारी, आणि दोन्हींचा तोल साधला की मधोमध एक लहानसा स्वच्छ निळसर-पांढरा सुळका. तो सुळका साधण्यात आठवडा जाई. त्याच्या टोकापुढे तीन हजार अंशांहून अधिक उष्णता असते, हे आकडे पाठ होत. ती कुठे धरायची हे मात्र हातालाच शिकावे लागे.

मग विजेचे काम. रॉड पत्र्यास टेकविला की चिकटतो, उचलला की विझतो. या दोहोंमध्ये रॉडच्या गाभ्याच्या जाडीएवढे, म्हणजे तीनेक मिलिमीटरांचे, अंतर धरायचे. रॉड जळून क्षणोक्षणी आखूड होत असतो, तेव्हा हात खालीही सरकला पाहिजे आणि पुढेही, आणि दोन्ही गती सारख्या राहिल्या पाहिजेत. समोर काळी काच. तिच्यातून दिसतो फक्त वितळलेल्या धातूचा एक थेंब. पहिल्या महिन्यात आमच्यापैकी एकाचीही शिवण सरळ आली नव्हती. गांडुळासारखी वळवळणारी, छिद्रांनी भरलेली. कवच हातोडीने टवके काढून उडवावे आणि खालचे दृश्य पाहून मान खाली घालावी. सपाट काम जमले की आडवे, आडवे जमले की उभे, आणि अखेरीस डोक्यावरचे. डोक्यावरच्या कामात वितळलेला थेंब खाली पडावयास पाहतो आणि खाली असते आपली मान. आम्हां सर्वांच्या गळ्यावर आणि मनगटांवर त्या ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग आहेत. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी देवीचे व्रण का, म्हणून विचारल्याची उदाहरणे आहेत.

काच खाली येण्याआधी ज्योत पेटली की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होई. वसतिगृहात कोणी बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवी, कोणी गुलाबपाणी घाली. धूर छातीत राहू नये म्हणून गूळ खायचा, असा एक सार्वत्रिक समज होता. त्यास शास्त्राधार किती हे डॉक्टर जाणोत. गूळ मात्र भरपूर खाल्ला गेला.

परीक्षा मोठी निर्दय आणि म्हणून मोठी न्यायी. जोडलेल्या पट्टीचा तुकडा कापून दाबयंत्राखाली घोड्याच्या नालासारखा वाकवायचा. जोडात खोट असेल तर तिथेच भेग पडते. बाहेरून कितीही देखणी शिवण घातलेली असो, आत मळी अडकली असेल, मुळाशी धातू पोचला नसेल, तर तुकडा उघडा पडतो. त्यापुढे कोणाचा मामा कोणत्या खात्यात आहे, मुलगा कोणत्या जातीचा, कोणत्या प्रांताचा, यातले काहीही चालत नसे. भिलाईत मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, बिहारी, छत्तीसगढी आणि मराठी माणूस एकमेकांशेजारी राहावयास शिकला, त्याचे श्रेय भाषणांतून पंचवार्षिक योजनेस दिले जाते. आमच्या मते त्यातला थोडा वाटा त्या दाबयंत्राचाही आहे. ते ओळखीने वाकत नसे.

पण खरी गोष्ट आम्हांस सांगायची आहे ती निराळीच. वेल्डर पुस्तकाने होत नाही आणि हुशारीनेही होत नाही. तो रॉड जाळून होतो. जितके रॉड वाया घालवू द्याल तितका तो चांगला होईल. त्या वर्षांत संस्थेने आम्हांस रॉड मोजून दिले नाहीत. देशात पोलादाची वानवा असताना, एकेक पत्रा कुठल्या तरी कामासाठी अडलेला असताना, अडाणी पोरांच्या वाकड्या शिवणींसाठी पत्र्यांचे ढीग आणि रॉडचे खोके रोज सकाळी ओट्यावर तयार असत. संध्याकाळी ते सारे भंगारात जाई. हिशेबनिसाच्या दृष्टीने ती शुद्ध नासाडी होती. कोणीतरी, कुठेतरी, ती नासाडी मंजूर करीत होते, आणि एक शिक्षक प्रत्येक बिघडलेला तुकडा हातात घेऊन, उन्हाकडे धरून, “इथे हात थांबला, इथे घाई केलीस,” असे सांगत होता. या मंजुरीवर आणि त्या धीरावर आमची सारी पिढी उभी राहिली.

संस्थेतून बाहेर पडल्यावर कारखाना. झोतभट्ट्या एकामागून एक वाढत गेल्या, १९६०च्या दशकात क्षमता पंचवीस लाख टनांची झाली, १९८०च्या दशकात चाळीस लाखांची. भट्टी दुरुस्तीस बंद झाली की वेल्डरला दिवस-रात्र उरत नसे. दिवाळीचा फराळ डब्यातून भट्टीपाशी गेल्याच्या आठवणी आपल्या मंडळातील वडीलधाऱ्या भगिनींकडून ऐकाव्या. सर्वांत जपून करावयाचे काम गॅसवाहिन्यांपाशीचे. झोतभट्टीच्या गॅसमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्यास वास नाही. तिथे परवानगीचा कागद, गॅस तपासणारा माणूस आणि बाहेर उभा सोबती यांवाचून ज्योत पेटवायची नाही, हे आम्हांस शिकविलेले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीवर काम चालू असता जो भडका उडाला आणि दहाहून अधिक माणसे गेली, त्या दिवशी निवृत्त होऊन वर्षे लोटलेली आमची मंडळीसुद्धा कोणी न सांगता रुग्णालयाच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती.

भिलाईचे नाव देशभर पोचले ते रुळांमुळे. रेल व स्ट्रक्चरल मिल १९६० साली सुरू झाली. तेव्हापासून नागपूरला जाताना ज्या रुळांवरून आपण गेलो, ते बहुधा आपल्याच गावचे. रूळ तेरा मीटरांचा असे. दर तेरा मीटरांवर सांधा आणि दर सांध्यावर चाकाचा तो ‘खटक-खटक’ आवाज, ज्याच्या तालावर आपली मुले आईच्या मांडीवर झोपली. तेरा मीटरांचे वीस रूळ जोडले की दोनशे साठ मीटरांची सलग लांबी होते आणि त्यास एकोणीस जोड लागतात. हा जोड रॉडने होत नाही. दोन टोके विजेने तापवून, ठिणग्यांच्या पावसात वितळवून, प्रचंड दाबाने एकमेकांत दाबतात. लोहाराच्या ऐरणीचेच ते थोरले रूप. पुढे भिलाईत पासष्ट मीटरांहून लांब रूळ लाटले जाऊ लागले. तेव्हा दोनशे साठ मीटरांत जोड उरले तीन. अलीकडच्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये एकशेतीस मीटरांचा रूळ निघतो. म्हणजे एकच जोड. प्रत्येक जोड हा शेवटी रुळातला कच्चा दुवा असतो, तेव्हा तो जितका कमी तितके उत्तम, हे कोणताही वेल्डर प्रथम कबूल करील. ज्याची पोटापाण्याची विद्याच जोड ही आहे, त्याने असे कबूल करण्यात थोडी गंमत आहे, थोडे दुःखही आहे.

माणसांचे गणितही तसेच होत गेले. ऐंशीच्या दशकात खाणींसह कायम कामगारांची संख्या साठ हजारांच्या घरात होती. पुढे ती निम्म्याहून खाली आली, उत्पादन मात्र वाढले. आज वेल्डिंगचे पुष्कळसे काम कंत्राटी माणूस करतो. तो कोठे शिकला, कोणाच्या हाताखाली, हे विचारण्याची सवड कोणास नसते. मुले अजूनही शिकतात. आता त्यांत मुलीही असतात, आणि आमच्या काळी हे सुचले कसे नाही याचे आम्हांस आश्चर्य वाटते. चांगला हात असलेला मुलगा कललेल्या नळीचा सांधा जोडण्याची कठीण परीक्षा देऊन चाकणला जातो, गुजरातेस जातो, आखातात जातो.

मध्यंतरी एका प्रशिक्षण संस्थेत (तिचे नाव घेण्याचे कारण नाही) आम्हां दोघातिघांस प्रमाणपत्रे वाटण्यास बोलाविले होते. समारंभ नेटका झाला. चहाच्या वेळी एका मुलास सहज विचारले, वर्षात किती रॉड जाळलेस? त्याने बोटांवर मोजले. दोन्ही हातांची बोटे पुरली. उरलेला वेळ पडद्यावर चित्रे पाहण्यात गेला, असे तो म्हणाला. मुलगा चुणचुणीत होता. वितळणबिंदू, विद्युत्प्रवाह, दोषांची नावे, सारे त्याला मुखोद्गत होते, आमच्याहून किती तरी अधिक. प्रमाणपत्र देताना त्याचा हात हातात आला, तो मऊ होता. परतताना गाडीत आम्ही कोणी कोणाशी बोललो नाही.

त्यानंतर काही दिवसांनी तो मुलगा पत्ता शोधत आमच्या घरी आला. मंडळाच्या वास्तूमागील अंगणात जुने वेल्डिंग यंत्र पडून होते, ते दुरुस्त करून घेतले. भंगारवाल्याकडून पत्र्याचे तुकडे आणि वर्गणी काढून रॉडचे चार खोके आणले. दर रविवारी सकाळी तो येतो, आता आणखी तिघे येतात, त्यांत एक मुलगी. आमच्या डोळ्यांस आता काच धरूनही ज्योत सोसत नाही. म्हणून आम्ही पाठ फिरवून बसतो आणि आवाज ऐकतो. कांदा तेलात तळावा तसा सारखा चरचराट असला की हात बरा चालला आहे. मध्येच फटफटला की अंतर वाढले.

याच अंगणातून गच्चीवर जाणारा लोखंडी जिना आहे. मंडळाची इमारत झाली तेव्हा तो संस्थेतल्या उमेदवारांनी सुट्टीच्या दिवशी फुकट जोडून दिला होता. खालून चढत जावे तसे जोड सुधारत जातात, कारण मुले खालून वर शिकत गेली. तिसऱ्या पायरीखाली एक फारच वेडीवाकडी शिवण आहे. ती कोणाची, हे प्रस्तुत लेखकांस पक्के ठाऊक आहे. सुवर्णमहोत्सवासाठी इमारतीस रंग देणे चालू आहे. रंगाऱ्यास सांगून ठेवले आहे की जिना खुशाल रंगव, पण तेवढा जोड ग्राइंडरने घासून सपाट करू नकोस. रविवारी मुले आली की त्यांना तो आधी दाखवावा लागतो.